तीनाचे साठ

लॅपटॉपच्या तळाला तिने तळहात लावून पाहिला. गार. गेले तीन दिवस ज्याच्यावर दूध तापवता आलं असतं तो तळ आज साडेदहापासून फरशीसारखा थंड होता. सूनबाईंनी याचा अर्थ 'जमलं' असा लावला. विज्ञान शिकलेल्या बाईने तो तसा लावायला नको होता.

काम तसं साधं होतं. ऑफिसच्या सर्व्हरांवर एक राखणदार प्रोग्राम बसवायचा होता. एखाद्या प्रोग्रामच्या तीन प्रती चालू ठेव म्हटलं की त्याने तीन ठेवायच्या. एक मेली की दुसरी उभी करायची. त्याआधी तो घरच्या लॅपटॉपवर, लुटुपुटीच्या सर्व्हरांवर चालवून पाहायचा. 'पाच मिनिटांत उभारा', असं सूचनांत लिहिलं होतं. त्या पाच मिनिटांचा आज चौथा दिवस.

"साहेबांना उत्तर दिलंस का?" मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं.

साहेब आठ महिने तिला टीमची प्रमुख करायला निघाले होते आणि ती आठ महिने "सांगते" म्हणत होती. प्रमुख झालं की प्रोग्राम सुटतात, मीटिंगा चिकटतात. तिला प्रोग्रामच लिहायचे होते. फक्त 'नाही' तोंडातून निघत नव्हतं. आज पाचची मुदत होती.

"सांगते म्हटलंय."

"लग्नाला होकार द्यायला एवढा वेळ नव्हता घेतलास."

"म्हणून तर आता घेतेय."

तीन प्रती सुरू झाल्या. तिने एक मारली, दुसरी उगवली. वा! मग न मारताच एक मेली. पाठोपाठ दुसरी. तिने आकडा दहा केला, सहा मेल्या. वीस केला, बारा गेल्या.

"काय गं पुटपुटतेस?"

"मी उभ्या करतेय आणि कोणीतरी मारतंय."

"ढेकणांसारखं?"

"हो. पण मी ढेकणांच्या बाजूने आहे."

हट्टाला पेटून तिने साठ केले. तेवढ्यात ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन.

"अगं, आपल्या खऱ्या सर्व्हरांवर कोणीतरी भुतं सोडलीत! मी मारतोय, ती उगवतायत. आता तर साठ झाली! गिऱ्हाइकांची पानं उघडेनात."

तिने पुन्हा तळाला हात लावला. साठ प्रती चालू आणि लॅपटॉप गार, म्हणजे राबत होतं दुसरंच कोणीतरी. साडेदहाला एक नोंद बघायला तिने आपल्या आज्ञांचं तोंड ऑफिसच्या सर्व्हरांकडे वळवलं होतं. ते परत वळवायचं राहिलं होतं.

तिने राखणदार बंद केला, साठच्या साठ प्रती पुसल्या. फोनवर आता साहेब आले.

"काय हे! तुला कळवलं आणि दोन मिनिटांत सगळं शांत?"

"सर, ते असं झालं की..."

"तेच म्हणतोय मी. आता मुदतबिदत काही नाही, प्रमुख तूच. आणि पहिलं काम, हा गाढवपणा कुणी केला ते शोध. माझ्यासमोर उभं कर त्याला."

सासूबाईंचा शेंगेवरचा अंगठा थांबला.

"शोधलं, सर. मीच."

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"असं कर," साहेब हळूच म्हणाले, "हे आपल्या दोघांतच ठेव. प्रमुखाने असल्या गोष्टी..."

"सर," ती म्हणाली, "मला प्रमुख व्हायचं नाही."