डब्याचं वजन

डबा सुरू करायच्या आधी मामांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कानाशी नेऊन हलवला.

"अहो, हलवू नका!" भावोजी ओरडले. "तुमची ताई आहे त्यात!"

मामांनी डबा हळूच टेबलावर ठेवला आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

ताई गेल्या वर्षी गेली. ती होती तोवर हा काळा डबा तिच्याच ताब्यात असे. ती फोनवर फोटो-व्हिडिओ असं जे काही टिपायची ते आपोआप या डब्यातल्या दोन डिस्कमध्ये जाऊन पडायचं आणि घरातल्या लॅपटॉपवर बघता यायचं. भावोजींचा संबंध फक्त धूळ पुसण्यापुरता. आता भावोजींना तिला बघावंसं वाटलं, तर डबाच सुरू होईना. कंपनीने जुन्या डब्यांची सेवा बंद केली होती.

दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलीने उपाय सांगितला. डिस्क धडधाकट आहेत, डब्याचं डोकं तेवढं गेलंय, त्यात लिनक्स नावाचं नवं डोकं घालायचं. तिने कुरियरने पेनड्राइव्ह पाठवला. "तो मागे खोचा, बटण दाबा आणि थांबा. बाकी तो स्वतः करेल. डिस्कना हात लावू नका, बाबा."

एकट्याने बटण दाबायची भावोजींची छाती होईना, म्हणून त्यांनी मेहुण्यांना बोलावलं. मामांची सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. डब्यालाही बटण होतं आणि दिवा होता, तेव्हा फारसा फरक नसणार असं दोघांनाही वाटलं.

"लिनक्स म्हणजे काय हो, भावोजी?"

"फुकट असतं म्हणे."

"मग बिघडलं तर तक्रार कुणाकडं करायची?"

"तुमच्या भाचीकडं."

"आणि याला पडदाच नाही. चालू झालं ते कळणार कसं?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाली, कळेल."

मामांनी बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकायला लागला. आतून घरघर ऐकू आली. दोघं टेबलावर वाकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने डब्यातून मोठ्याने 'बीप बीप' असा आवाज आला.

मामांनी झडप घालून प्लग उपटला.

"काय झालं?"

"ओव्हरलोड!" मामा म्हणाले. "हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. वजन जास्त झालं की लिफ्ट अशीच बोंब मारते."

"पण ही लिफ्ट नाहीये."

"आवाज तोच आहे ना? वर काय ठेवलंय ते काढा आधी."

डब्यावर एक फुलदाणी होती. ती काढली. पुन्हा बटण, पुन्हा घरघर, पुन्हा बीप, पुन्हा प्लग. मग डब्याखालचा रुमाल काढला. तरी बीप. भावोजींनी मुलीला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे बाबा, जरा वेळाने करते," एवढं बोलून तिने ठेवला.

"आता वजन आतलंच असणार," मामा म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.

"डिस्कना हात लावू नका म्हणालीय ती!"

"तुम्ही लावू नका. मी लावतो."

भावोजी अडवेपर्यंत दोन्ही डिस्क बाहेर आल्या होत्या. मामांनी स्वयंपाकघरातून पीठ मोजायचा काटा आणला आणि त्यावर आधी एक आणि मग दुसरी डिस्क ठेवली. दोन्हींचं वजन सारखंच निघालं.

भावोजी काट्याकडे बघत राहिले. "एवढंच? अहो, आमचा सगळा संसार आहे त्यात."

"तेच म्हणतो. यानं ओव्हरलोड व्हायला नको." मामांनी डोकं खाजवलं आणि रिकामा डबा सुरू केला.

बीप बीप.

आता मामाही गोंधळले. आत माणूस नसताना लिफ्ट ओरडलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी डिस्क परत घालायला घेतल्या आणि मध्येच थांबले. "भावोजी, डावीकडची कुठली होती?"

"मला काय माहीत? काढल्या तुम्ही!"

"वजनावरून सांगितलं असतं, पण दोन्ही सारख्या."

भावोजी मटकन खुर्चीत बसले. ताई डाव्या डिस्कमध्ये असेल का उजव्या, आणि बाजू बदलली तर पुसली जाते का, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. एरवी असलं काही विचारायचं ते तिलाच.

"होऊन होऊन काय होईल?" मामांनी दोन्ही डिस्क आत ढकलल्या. मग त्यांनी खोलीवर नजर फिरवली. "भावोजी, तुम्ही जरा बाहेर जा."

"का?"

"ओव्हरलोड झाला की आधी माणसं उतरवतात."

दुसरं काही सुचत नसल्यामुळे भावोजी उठले. मामांनी बटण दाबलं आणि तेही पाठोपाठ बाहेर आले. दोघं बाहेर दाराला पाठ लावून उभे राहिले. आत बीप झालं. मामा धावणार तेवढ्यात भावोजींचा फोन वाजला.

"बाबा, झालं का?"

"कसलं होतंय! मेलं परत ओरडलं. ओरडलं की मामा प्लग काढतात."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"बाबा, सुरू झाल्याचीच खूण आहे ती! आत्ता काढलाय प्लग?"

"नाही. आम्ही बाहेर आहोत."

"बाहेर का?"

"वजन कमी करायला."

"आणि हे बघ," मामा फोनकडे तोंड करून म्हणाले, "डाव्या-उजव्याची जरा अदलाबदल झाली असेल कदाचित."

"डिस्क काढल्यात?" मुलगी किंचाळली, मग उसासा टाकून म्हणाली, "त्यानं काही होत नाही. लॅपटॉप उघडा."

लॅपटॉपवर डबा दिसत होता. आत फोल्डर होते आणि फोल्डरात फोटो. भावोजी पेपर वाचताना. भावोजी बूट घालताना. भावोजी खुर्चीत घोरताना, समोरून आणि बाजूने. मामांचेही बरेच होते. भावोजी फोटोमागून फोटो पुढे ढकलत राहिले.

"ही कुठेच नाही हो."

"कशी असेल?" मामा हळूच म्हणाले. "फोन तिच्या हातात."

शेवटी एक व्हिडिओ निघाला. त्यात भावोजी आणि मामा एका भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभे होते, हसावं की नाही ते न कळल्यासारखे. भावोजींनी तो सुरू केला.

"हलू नका दोघं," ताईचा आवाज खणखणीत आला. "आणि पोट आत घ्या. अहो, पोट! तूसुद्धा रे!"

टेबलापाशी बसलेल्या दोघांनी पोट आत घेतलं आणि व्हिडिओ संपेपर्यंत श्वास सोडला नाही.