नऊचे बारा

“मशीनचा दाब नऊवर ठेवलाय काका. पंधरा दिवस त्याला हात लावायचा नाही. काही वाटलंच तर मला फोन करा,” दवाखान्यातल्या तंत्रज्ञ मुलीनं बजावून सांगितलं. काटेकोरांनी मान डोलावली, पण ती ऐकणाऱ्याची नव्हती. परीक्षा घेणाऱ्याची होती.

काटेकोर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षं एकाच कारखान्यात दाबाचे गेज तपासण्यात घालवल्यावर लोकांनी बहाल केलेली ती पदवी होती. त्यांनी तपासलेल्या गेजवर ते स्वतःच्या हातानं शिशाचं सील ठोकत, आणि ते सील कुणी तोडलं तर त्या माणसाचं नाव आठवडाभर फळ्यावर झळकत असे. गेल्याच महिन्यात बॉयलरवरच्या एका जुन्या कामगारानं “काटा अडकल्यासारखा वाटला म्हणून जरा हलवून पाहिला, साहेब,” एवढंच म्हटलं होतं. त्याला काटेकोरांनी सगळ्या पाळीसमोर पाऊण तास उभं केलं होतं.

आता हे दाबाचं प्रकरण त्यांच्या नाकाशी आलं होतं. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबायचा. त्यांना स्वतःला याचा पत्ता नसे, पण शेजारी बायको उठून बसायची आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत तिचाही जीव टांगणीला लागायचा. म्हणून डॉक्टरांनी हे मशीन दिलं होतं. एक छोटी पेटी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर ठरावीक दाबानं हवा आत ढकलायची आणि घशाची वाट उघडी ठेवायची, एवढंच त्याचं काम.

“दाब किती, तर नऊ सेंटिमीटर उंच पाण्याचा!” तीन रात्रींनंतर सकाळी चहा पिताना काटेकोर म्हणाले. “अगं, एवढ्या दाबाला आमच्याकडे काटा जागचा हलत नाही. मला हवा कमी पडतेय. कालची पोर ती, तिला काय कळतंय दाबातलं?”

“मग तिला फोन करा ना. तिनं सांगितलंय तसं.”

“मी? मी तिला विचारू?”

त्यांनी विचारलं ते मोबाइलला. डॉक्टरांसाठी राखून ठेवलेला मशीनचा आतला मेनू कुठली दोन बटणं एकदम दाबली की उघडतो, हे कुणीतरी व्हिडिओत दाखवलं होतं. काम मात्र त्यांनी कारखान्याच्या शिस्तीनं केलं. तिथला नियम असा, की मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा. त्यांनी बायकोला वही-पेन घेऊन शेजारी बसवलं आणि प्रत्येक बटण मोठ्यानं उच्चारत दाबलं.

“दोन्ही बटणं, तीन सेकंद. मेनू उघडला. दाब नऊ होता, चौदा केला. लिहिलंस?”

“लिहिलं. पण अहो, एकदम चौदा?”

“लिहिणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात.”

त्या रात्री मास्कच्या कडेनं शिट्टी वाजू लागली. काटेकोरांनी पट्टे आवळले. शिट्टी थांबली, पण आता हवेला बाहेर पडायला जागा उरली नाही, म्हणून ती पोटात शिरली. सकाळी शर्टाचं खालचं बटण लागेना. आणि त्याच दिवशी दहा वाजता नव्या भरतीच्या वीस जणांसमोर त्यांचं व्याख्यान होतं. विषय होता, ‘सील केलेल्या उपकरणाला हात का लावू नये’.

“सेटिंग हा,” काटेकोरांनी सुरुवात केली, “जबाबदार माणसाचा...” आणि पुढच्या शब्दाऐवजी ढेकर आली. साधीसुधी नव्हे, पार तळापासून निघालेली. पहिल्या रांगेतल्यांनी सभ्यपणे खाली पाहिलं. मागून कुणीतरी हसलं. पुढच्या अर्ध्या तासात अशा अकरा ढेकरा आल्या. त्या अकरा होत्या हे नंतर कँटीनमध्ये कळलं, कारण तिथे त्यांची बेरीज सुरू होती. काटेकोरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

माणूस शरमला की एकतर चूक कबूल करतो, नाहीतर दुसऱ्याच्या माथी मारतो. काटेकोरांना पहिल्या प्रकाराची सवय नव्हती. त्यांनी दार लावून दवाखान्याला सात मुद्द्यांचं पत्र लिहिलं. ‘आपल्या तंत्रज्ञ बाईंनी निष्काळजीपणे लावून दिलेल्या चुकीच्या दाबामुळे मला चारचौघांत मान खाली घालावी लागली,’ हा मुद्दा क्रमांक तीन. पत्र वाचून त्यांचं त्यांनाच इतकं पटलं, की टपालात टाकेपर्यंत आपण काही बटणं दाबली होती हे ते जवळजवळ विसरले.

संध्याकाळी त्यांनी वही-पेन पुन्हा मागवलं आणि दाब बारावर आणला. आणि काय आश्चर्य! त्या रात्रीपासून पोट फुगेना, शिट्टी वाजेना. आठवडाभरात डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी पडली.

“बघ! बारा! अनुभव म्हणतात तो हा,” ते रोज सकाळी बायकोला सांगत. बायको चहात साखर ढवळत राही. कारखान्यात तर त्यांनी बाराचं माहात्म्य ऐकवलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

मग दवाखान्यातून फोन आला. “तुमच्या तक्रारीची चौकशी आहे. शुक्रवारी मशीन घेऊन या.”

“कसली तक्रार?” बायकोनं विचारलं.

“काही नाही गं, सूचना केली होती,” काटेकोर म्हणाले.

शुक्रवारी डॉक्टरांच्या टेबलावर ते सात मुद्दे पसरलेले होते. तंत्रज्ञ मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं काटेकोरांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बायकोला पाहून “बसा काका” म्हटलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ती खुर्ची काटेकोरांना चटका लागावा तशी लागली.

“हिची सहा महिन्यांची उमेदवारी आज संपते,” डॉक्टर म्हणाले. “कायम करणारच होतो. पण एवढी गंभीर तक्रार आल्यावर मलाही वर उत्तर द्यावं लागतं. मला फक्त एक सांगा. सेटिंगला तुम्ही हात लावला होता?”

काटेकोरांनी मुलीकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. “मला तो तिसरा मुद्दा पाठ झालाय काका,” ती हळूच म्हणाली. “घरी आईनंही वाचला. मी खूपदा आठवून पाहिलं, पण माझं कुठे चुकलं ते सापडत नाही.”

बॉयलरवरचा तो जुना कामगार निदान खरं तरी बोलला होता. काटेकोरांचे कान तापले. आयुष्यात प्रथमच त्यांना फळ्यावर स्वतःचं नाव दिसलं, आणि ते दिसायलाच हवं होतं असंही वाटलं.

“हिचं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं. “मी लावला हात. आधी चौदा केलं, त्यानं पोट फुगलं. मग लाज झाकायला हे पत्र लिहिलं. आता बारावर आहे. बारावर मात्र झोप चांगली लागते,” शेवटचं वाक्य त्यांना आवरलं नाही.

डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड काढून संगणकात घातलं. रात्री एकेक करून पडद्यावर उमटल्या. “चौदा, एक रात्र. बरोबर. पुढे बारा...” डॉक्टर थांबले. “बारा रोज फक्त अर्धा-पाऊण तास दिसतंय. तिथून सकाळपर्यंत नऊ. आणि उठायच्या आधी पुन्हा बारा. हे काय?”

काटेकोर पडद्याकडे बघत राहिले. मशीनला बिघाड झाला म्हणावं, तर बिघाड इतका वेळेवर होत नाही.

“ते मी,” बायको म्हणाली.

“तू?”

“तुम्हीच तर बटणं मोठ्यानं सांगून शिकवलंत. तुम्हाला झोप लागली की नऊ करायची, पहाटे परत बारा. तुमचं मन मोडायला नको म्हणून. पण हे पत्र तुम्ही लिहिलंय हे मला ठाऊक असतं ना, तर पहिल्याच सकाळी तोंडावर सांगितलं असतं.” तिनं भिंतीकडे बोट केलं. “बघा हो त्या मुलीकडे!”

बारा या आकड्यावर काटेकोरांनी पंधरा दिवस जी मान ताठ ठेवली होती, ती आता छातीला टेकली.

मुलगी पडद्याजवळ आली. तिनं आलेख नीट पाहिला, आणि कामाचं बोलताना तिचा आवाज एकदम खणखणीत झाला. “काकू, तुम्हीही हात लावायचा नव्हता. आणि काका, नऊ खरंच थोडं कमी पडत होतं तुम्हाला. दहा लागेल. ‘हवा कमी पडतेय’ एवढा एक फोन केला असतात, तर मी त्याच दिवशी करून दिलं असतं.”

काटेकोरांनी पत्र मागे घेतल्याचं लिहून दिलं. मुद्दे सातच लिहायचे ठरवले होते, पण ‘चूक सर्वस्वी माझी आहे’ या पहिल्यानंतर दुसरा सुचला नाही. डॉक्टरांनी मुलीच्या कागदावर सही केली. ती “थँक्यू काका” म्हणाली, आणि ते तर त्यांना मुळीच सहन झालं नाही.

घाम पुसत ते बाहेर आले. बाकावर त्यांच्या कारखान्याचे मोठे साहेब बसले होते. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात कागद, मांडीवर अगदी तशीच पेटी.

“अरे वा, बरे भेटलात!” साहेब म्हणाले. “मंगळवारी तुम्ही केबिनमध्ये माझं मशीन बारावर लावून दिलंत, तेव्हापासून पोट नुसतं नगारा झालंय. तुमच्यासारख्या माणसाचा हात लागूनही सुधारत नाही, म्हणजे मुळात इथल्या तंत्रज्ञ बाईनंच घोळ घातलेला असणार. तक्रार लिहून आणलीय. तुम्ही मला दिलेली तुमच्या पत्राची नक्कल समोर ठेवूनच लिहिली. जरा नजर टाका.”

बायकोनं काटेकोरांकडे पाहिलं. आत मुलगी पुढच्या पेशंटला हाक मारत होती.

काटेकोरांनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. “एक दुरुस्ती आहे साहेब.”

“कुठे?”

“कोणाविरुद्ध, तिथे.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं, ‘तंत्रज्ञ बाई’ हे शब्द खोडले आणि त्यांच्यावर स्वच्छ अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. हुद्द्यासकट. मग कागद साहेबांच्या हातात देऊन ते मान खाली घालून समोर उभे राहिले. साहेबांनी ओळ दोनदा वाचली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बोलण्याआधी त्यांना भलीमोठी ढेकर आली.