धाकट्याचा शेवटचा निरोप

"चाळीस सूचना, तीन दिवस, चूक एकही नाही!" भाषांतरकाराने कंपनीला फोनवर ठणकावून सांगितलं. ईमेलला कुलूप घालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सूचना मराठीत आणायचं काम होतं. पत्र कुणी पाठवलंय ते सांगणारी सूचना आधी दिसायची, मग पासवर्ड टाकून पत्र उघडायचं.

चाचणीचं पत्र त्याने ‘धाकटा’ या नावाने ताईला धाडलं. आठ महिने दोघांत अबोला होता, चूक शंभर टक्के त्याची होती, पण माफी मागायची म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून ती पत्रात मागितली, तासाभराने पत्र उघडणं बंद होईल अशी मुदत घातली आणि पासवर्ड सवडीने कळवू म्हणून फोन बंद केला. पाठ धरली होती. फरशीवरच आडवा होऊन त्याने पांढरी चादर डोक्यावरून ओढली.

तास उलटल्यावर झोप चाळवली, तर घरात कुणीतरी रडत होतं! दाराला तर आतून कुलूप होतं. हुंदके जवळ आले. चादरीपलीकडे दोन सावल्या थांबल्या. कुणाची तरी बोटं त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागली.

"गार पडलेत हो," एक सावली म्हणाली.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण खरंच गेलो की काय? हातपाय हलेनात, तोंडातून आवाज फुटेना!

"धाकट्या, असा कसा रे गेलास!"

ताई! तो चादरीसकट ताडकन उठून बसला. दार उघडून देणारा चावीवाला पिशवी टाकून किंचाळत जिना उतरला. ताईने मात्र चादर खेचली आणि त्याला फाडकन एक ठेवून दिली.

"हे काय आहे?" तिने मोबाइल पुढे केला.

‘धाकटा यांचा शेवटचा निरोप. मुदतीनंतर त्यांच्याशी संपर्क होणार नाही.’

"अगं, शेवटचा म्हणजे सगळ्यात अलीकडचा! निरोप म्हणजे मेसेज!"

"आणि वर फोन बंद!" ताई मटकन खाली बसली. "आत लिहिलंयस तरी काय?"

त्याने घाईघाईने पासवर्ड टाकला. पडद्यावर त्याचंच मराठी उमटलं: ‘आपली मुदत संपली आहे.’

"तोंडाने सांग," ताई म्हणाली.

त्याने मोबाइल बाजूला ठेवला. "ताई... माझं चुकलं."

ताईने डोळे पुसले आणि त्याला कडकडून चिमटा काढला. तो कळवळून ओरडला.

"हां, आता परत बोल. भुताची माफी मी धरत नाही!"