होडीतली पपई

आमच्या घरमालकांकडे घड्याळ नाही. चार मजली इमारत आहे, तीन एसी आहेत, जिन्यात संगमरवर आहे, घड्याळ नाही. जनार्दन नाखवा वेळ सांगतात ती खाडीच्या पाण्यावरून. "प्लंबर कधी येणार?" विचारलं, तर "ओटी लागली का येल." एकदा मी त्यांना वाशीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथल्या मुलीने चारची वेळ दिली, तेव्हा त्यांनी तिला समजावलं, "चार नाय गो बाय, अर्ध्या पान्याला." त्या पोरीने दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण ते असो.

हिशोब सोपा आहे. तिथी घ्यायची आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायची; येईल ती भरतीची वेळ. "अष्टमी हाय ना? आठ पाऊने सा. साला भरती. सा तास मोज, बाराला ओटी. दर्या सगलीकडं येकच, पावना!"

पावना म्हणजे मी. अकरा वर्षं त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो, तरी कोपरखैरण्यात पाहुणाच. मूळचा सोलापूरचा, बादलीपेक्षा खोल पाण्याशी माझे संबंध नाहीत.

नाखव्यांची शेतं केव्हाच शहराखाली गेली. उरली ती खाडीच्या काठी खुंट्याला बांधलेली एक होडी. तिच्यातून ते आठवड्याला पाच-सहा खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, आणतात, आणि चिंबोऱ्यांपेक्षा जास्त गप्पा. आता त्या खुंट्याच्या जागी रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी जेट्टी बांधायची होती. मुलगा भावेश त्यात बोटींचा मॅनेजर होणार होता. फक्त जागा सोडल्याची नाखव्यांची सही हवी होती. नाखवा सही करीनात, नाही म्हणेनात. "बगू. भांगाचं पानी जाऊंदे," एवढंच. भांगाचं पाणी म्हणजे लहान भरती, ती दर पंधरवड्याला येते.

शेवटी भावेशने शक्कल लढवली. "काका, पर्यटन म्हणजे काय ते बाबांना एकदा दाखवून आणा. बेटावरची टूर आहे, पाच दिवस. मला सुट्टी नाही. तुम्ही सांभाळा त्यांना."

बेटाचं नाव सांगत नाही. तिथल्या हॉटेलवाल्यांनी मला परत न येण्याबद्दल विनंती केलेली आहे.

विमानातून उतरलो आणि मी थक्कच झालो. निळं पाणी! आपली खाडी बघून मला वाटायचं, पाण्याचा रंग मुळात चहासारखा असतो. वाळू इतकी पांढरी, की आमच्या टूरमधले सानपाड्याचे एक गृहस्थ चप्पल काढून आत जाऊ लागले. नाखवा मात्र पाण्याकडे नाही, एका माणसाकडे बघत होते. गणवेशातला, साठीचा, लांब दाताळं घेऊन किनाऱ्यावरचं शेवाळ आणि शिंपले ओढून काढणारा. पाहुण्यांच्या तळव्यांना टोचू नये म्हणून.

"नाखवा हाय तो, होडीवाला," हे म्हणाले.

"कशावरून?"

"मानसाकडं बगायच्या आदी पान्याकडं बगतो."

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. समोर पाण्यात वाळूचा एक पट्टा दिसत होता. नाखव्यांनी टूरमधल्या आम्हा नऊ जणांना गोळा केलं. "आठ पाऊने सा. बाराला ओटी. चला, चालत जाऊ, पाय बी भिजायचं नाय!"

साडेअकराला निघालो. पाणी घोट्याला होतं. पट्ट्यावर फोटो काढले. बारा वाजता पाणी गुडघ्याला आलं. "लाट हाय, जाईल," नाखवा म्हणाले. सव्वाबाराला ते कमरेला लागलं आणि मी सोलापूरच्या सगळ्या देवांना नावानिशी हाका मारल्या. सानपाड्याचे गृहस्थ पत्नीच्या खांद्यावर चढले. तेवढ्यात किनाऱ्यावरून तो दाताळंवाला ओरडत, धावत पाण्यात शिरला. पाण्याखालच्या दगडांची एक वाट त्याला ठाऊक होती. दाताळं पुढे धरून, एकेकाला ते पकडायला लावून त्याने आम्हाला बाहेर काढलं. मी त्या दाताळ्याला असा चिकटलो होतो की किनाऱ्यावर मला दोघांनी सोडवलं.

सगळे हादरले होते. पण नाखव्यांचा चेहरा बघवत नव्हता. पंचावन्न वर्षं न चुकलेली पाऊणकी चुकली होती. ते जेवले नाहीत. "दर्या येकच नाय रं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी पाहतो, तर पलंग रिकामा. मी घाबरून धावलो. किनाऱ्यावर ते दोघं उकिडवे बसलेले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण वाळूत दाताळ्याच्या दात्याने चंद्र काढलेत, त्यांच्याखाली पाण्याच्या रेघा. आपल्यापेक्षा तीन तास आधी भरती, असं ते गणित निघालं. मग त्या माणसाने वळून रेस्टॉरंटकडे बोट दाखवलं.

तिथे दारातच एक सुंदर रंगवलेली होडी होती. आत केळीची पानं, पानांवर कापलेली पपई, अननस, कलिंगड. सकाळचा नाष्टा तिच्यातूनच वाढायचे. माणूस आधी होडीकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होता. मग खोल्यांकडे हात करून त्याने वाळूत होड्यांची रांग काढली; आम्ही उतरलो होतो तिथे पूर्वी त्याचं बंदर होतं.

मी त्या होडीतून दोन दिवसांत सहा वेळा पपई घेतली होती. घाबरून धावतानाही सवयीने उचललेली सातवी माझ्या हातातच होती. ती खाववेना आणि ठेवायची कुठे, तेही कळेना.

नाखवा उठले. त्यांनी त्याच्या हातातलं दाताळं काढून घेतलं आणि किनारा ओढायला लागले. मॅनेजर "सर, सर, प्लीज!" करत पळत आला. नाखव्यांनी मान वर केली नाही. "काल आमाला ओढून त्याचा खांदा धरलाय. तू जा, तुजी पपय काप." उरलेले तिन्ही दिवस पाहुण्याने किनारा झाडला आणि झाडणारा सावलीत बसून त्याला चुका दाखवत राहिला.

परत आलो, तर भावेश कागद घेऊन तयार. "बघितलंत ना बाबा, किती डेव्हलपमेंट!" त्याने जेट्टीचं रंगीत चित्र पसरलं. दिवे, बाकं, काचेचं तिकीटघर.

नाखवा बराच वेळ बघत होते. "माजी होडी कं हाय यात?"

भावेशचा चेहरा फुलला. "ही काय, गेटवर! मुद्दाम सांगितलं मी त्यांना. आत माती भरून फुलं लावणार. तुमचा मान म्हणून!"

मी नाखव्यांकडे बघितलंच नाही. मला वाटलं, आता इमारत पडते. पण ते हळूच म्हणाले, "सकालचं दाताळं कोन मारनार, भावेश?"

"काय बाबा, त्याला स्टाफ असतो!"

"तोच इचारतो. मॅनेजर तू कवापरेंत? मंग दाताळं कोनाच्या हातात?"

भावेश कागद गुंडाळून निघून गेला. आठ दिवस झाले, बापाशी बोलत नाही. त्याचं ताट तो वर मागवून घेतो. नाखवा खाली एकटे जेवतात आणि दर घासाला जिन्याकडे बघतात. सही मात्र केलेली नाही.

काल चतुर्थी होती. दुपारी मी खाडीवर गेलो. नाखवा होडीत बसले होते. म्हटलं, जरा हसवावं. म्हणून सानपाड्याच्या गृहस्थांची गोष्ट मोठ्याने सुरू केली, ते कसे बायकोच्या खांद्यावर...

"श्श!" त्यांनी हात वर केला. "चार पाऊने तीन. आपल्याकडं तीनला भरती. म्हंजे तिकडं बेटावर आता, बाराला, भरली. किनारा पान्याखाली गेला, त्याचं काम सुटलं." त्यांनी समोरच्या चहासारख्या पाण्याकडे बघितलं. "आताच टेकला आसंल सावलीला. तू जरा गप ऱ्हा, पावना. पडूंदे त्याला."