सुतळीच्या टोकाची चिठ्ठी

सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या कार्यालयात सॉफ्टवेअर तयार होते, आणि त्यासाठी कंपनीला दर महिन्याला सुतळीचा एक गुंडा विकत घ्यावा लागतो. तो शेवडेदांना लागतो.

शेवडेदा म्हणजे श्री. मधुकर शेवडे. वय सत्तावन्न, मूळ गाव मिरज, मुक्काम बेहाला, आणि कलकत्त्यात बारा वर्षे काढल्यामुळे नावापुढे कायमचा चिकटलेला ‘दा’. एखादे नवे ॲप करायचे ठरले की ते वापरणारा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय करतो, याचा नकाशा बनवणे हे त्यांचे काम. ते बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर आडवी सुतळी ताणतात आणि त्या माणसाची एकेक कृती एकेका चिठ्ठीवर लिहून ओळीने टांगतात. खाली आणखी तीन सुतळ्या असतात. पहिलीवर लटकेल ते पहिल्या रिलीजमध्ये, म्हणजे ॲपच्या पहिल्या आवृत्तीत, दुसरीवरचे दुसऱ्या. तिसरीवरचे केव्हातरी.

हे सर्व संगणकावर करता येते. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून इथे रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना तसली तीन साधने करून दाखवली. त्यांनी आदराने पाहिली.

“छान आहेत हो. पण याच्यापुढे उभं कुठं राहायचं?”

नकाशासमोर उभे राहावे लागते, हा त्यांचा सिद्धान्त आहे. ते उभे राहतात आणि विचारतात, “आणि मग?” माणसाने तिकीट काढले. आणि मग? फलाटावर गेला. आणि मग? या दोन शब्दांनी त्यांनी आमच्या कित्येक तरुण अभियंत्यांना रडकुंडीला आणले आहे, कारण अभियंत्याच्या दृष्टीने पैसे जमा झाले की गोष्ट संपलेली असते. शेवडेदांचा माणूस त्यानंतरही चालत राहतो. जिने चढतो, कुलूप काढतो, चपला जागेवर ठेवतो.

एखादे काम मोठे वाटले की त्यांचा दुसरा मंत्र येतो: “बारीक चिरा.” कोबी चिरल्यासारखा हात करून ते दाखवतातसुद्धा. आणि तिसरा खास वैयक्तिक. एकदा कोणीतरी विचारले, शेवडेदा, लग्न का नाही केले? ते शांतपणे म्हणाले, “तो टप्पा आलाच नाही.”

त्यांच्या प्रत्येक नकाशात, वरच्या सुतळीच्या अगदी उजव्या टोकाला, एक पिवळी चिठ्ठी असते. बाकीच्या सगळ्या पांढऱ्या. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले असते: ‘पोचल्याचे कळवले.’ दवाखान्याचे ॲप असो की फेरीबोटीच्या तिकिटांचे, चिठ्ठी तीच. रिलीज ठरवायची वेळ आली की ती तिसऱ्या सुतळीवर उतरते आणि तिथेच पिवळ्याची पांढरी होत जाते. बारा वर्षांत ती एकदाही प्रत्यक्षात उतरलेली नाही. आमच्या प्रमुख मितालीदी तिला ‘शेवडेदा’र शाशुडी’ म्हणतात, म्हणजे शेवडेदांची सासू: बोलावले नाही तरी हजर.

या वर्षी आमच्याकडे खिदिरपूरच्या गोदीत माल घेऊन जाणाऱ्या ट्रकचालकांसाठी ॲप करण्याचे काम आले. चालकाने घरूनच आत शिरण्याची वेळ राखायची, फाटकावर पास दाखवायचा, माल उतरवायचा, बाहेर पडायचे. त्यात माझी एक चिठ्ठी होती: ‘किती वेळ थांबावे लागेल, याचा अंदाज.’ ती कल्पना माझी, गणित माझे. पहिल्या रिलीजमध्ये ती चालली तर पुढचा प्रकल्प मी चालवणार, असे मितालीदींनी स्पष्ट सांगितले होते. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि मला घाई आहे. हे लपवण्यासारखे काही नाही.

नकाशा अर्धा झाल्यावर शेवडेदा म्हणाले, “गार्गीबाई, चला. चालून बघू.”

चालून पाहिल्याशिवाय ते चिठ्ठी पक्की करत नाहीत. आम्ही खिदिरपूरला फाटकापाशी सकाळभर उभे राहिलो. मी वेळ मोजत होते. ते चहा पीत माणसे पाहत होते. एक वयस्कर चालक, यादवजी, रांगेत ट्रक लावून खाली उतरला आणि मागे चालत थेट पानाच्या टपरीपर्यंत गेला. गोदीच्या भिंतीलगत मोबाइलला रेंज नव्हती, टपरीपाशी होती.

“पहुँच गए,” तो फोनवर ओरडला. “हाँ, खा लेंगे। अरे, खा लेंगे, बोला ना!”

तो परत येईपर्यंत रांग सरकली होती आणि दोन ट्रक त्याच्या पुढे घुसले होते. मागच्याने शिवी हासडली. “क्या चाचा, चाची से इतना डरते हो?”

“तू भी डरेगा, बेटा। शादी तो होने दे,” यादवजी म्हणाला आणि शांतपणे पुन्हा ट्रकवर चढला.

मी वहीत लिहिले: चाळीस मिनिटे जास्त; कारण वैयक्तिक; अपवाद म्हणून वगळावे.

शेवडेदांनी माझ्या वहीत डोकावून पाहिले. “वगळलंत?”

“शेवडेदा, त्याच्याकडे फोन आहे. तो त्याने केला. यात ॲपने काय करायचे?”

“फाटकावर पास तपासतात ना? तपासला की त्याच्या घरी आपोआप निरोप जाऊ दे. दोन दिवसांचं काम आहे. माणूस रांगेतून हलणार नाही.”

हे तर्काला धरून होते, म्हणूनच मला त्याचा राग आला. पहिल्या रिलीजला कामाचे नऊच दिवस मिळणार होते आणि माझ्या अंदाजाला पुरे नऊ लागणार होते.

“तुमची चिठ्ठी बारीक चिरा,” ते म्हणाले. “आधी नुसतं सांगा, आज गर्दी आहे की नाही. मिनिटं पुढच्या रिलीजला.”

“मग त्यात गणित काय उरले?”

“चालकाला गणित कुठं हवंय?”

मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. मी तिथूनच परस्पर घरी गेले, आणि संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन आला.

“पोचलात का?”

“हो, केव्हाच. चार वाजता.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला तो आगाऊपणा वाटला.

त्यानंतरच्या आठवड्यात ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला निघाले. कलकत्त्यात नेत्रतज्ज्ञांचा तुटवडा नाही, हे मी त्यांना सांगून पाहिले. “डोळ्यात काय करणार ते मराठीत समजावणारा डॉक्टर पाहिजे,” हे त्यांचे उत्तर. मंगळवारी सकाळी नकाशा पक्का करून मितालीदींना द्यायचा होता. “तुम्ही ठरवा,” ते मला म्हणाले. चिठ्ठीचा विषयही काढला नाही. मितालीदींनी मात्र काढला: “जेटा दोरकार नेई, फेले दाओ.” गरज नाही ते फेकून दे. तिसऱ्या सुतळीवरचेसुद्धा. मी मान डोलावली.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर संदेश आला: ‘पोचलो. गाडी पन्नास मिनिटे उशिरा. चहा घेतला. शेवडे.’ मी बैठकीत होते. वाचला आणि फोन उलटा ठेवला.

दुपारी खाली चहाला उतरले तेव्हा फाटकावरच्या साधनदांनी मला अडवले. साधनदा आमचे पहारेकरी. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही त्यांच्याकडे असते.

“दिदि, दादा पौंछेछेन?”

“कोण दादा?”

“शेवडेदा. बोले गेछेन, दिदिके खबर देबेन.” ते सांगून गेले होते की, मला कळवतील.

पोचले, मी म्हणाले.

“कॉटाय?” किती वाजता?

“दहा वाजून पाच.” साधनदांनी नोंदवही उघडून ते लिहूनही घेतले. पहारेकऱ्याला मिरजेच्या गाडीची वेळ कशाला हवी, म्हणून मी वहीत वाकून पाहिले. शेवडेदांच्या नावापुढे शुक्रवारची बाहेर पडण्याची वेळ होती, सहा दहा. तिच्या शेजारी, रकान्याबाहेर, निळ्या शाईत: सात चाळीस. मी मागचे पान उलटले. सहा पाच, सात पस्तीस. सहा वीस, आठ. त्याच्या मागचे पान. त्याच्याही मागचे. संपूर्ण वहीत असा दुसरा आकडा फक्त एका नावापुढे होता.

“हे काय आहे, साधनदा?”

साधनदांनी टेबलावरच्या जुन्या फोनकडे बोट दाखवले. रोज घरी पोचले की शेवडेदा इथे फोन करतात, त्यांनी सांगितले. ‘साधन, पौंछे गेछि’, एवढेच. सुरुवातीला साधनदांना वाटले, हा कंपनीचा नियम असावा. म्हणून ते लिहून ठेवू लागले. नियम नाही हे कळले तेव्हा सवय झाली होती.

“आणि तुमची पाळी नसेल तेव्हा?”

“जे थाके, शे लेखे.” जो असेल तो लिहितो. साधनदांना यात विशेष काही वाटत नव्हते. “एकला मानुष, दिदि.”

मी चहा न घेता वर गेले.

निरीक्षणांमधून एखादे अपवाद म्हणून काढून टाकायचे असेल तर आधी ते किती वेळा घडते हे मोजावे लागते. हे मला पहिल्या वर्षाला शिकवले होते. खिदिरपूरच्या फाटकावर मी मोजले नव्हते. माझी वही काढून पाहिली. त्या सकाळी टपरीकडे जाऊन आलेला यादवजी एकटा नव्हता. माझ्या नोंदींत ‘कारण वैयक्तिक’ हे शब्द सात ठिकाणी होते.

मी भिंतीसमोर उभी राहिले. पहिल्या सुतळीवरची माझी चिठ्ठी काढली आणि मधोमध फाडली. एका अर्ध्यावर लिहिले: ‘आज गर्दी आहे की नाही’, सात दिवस. दुसरे अर्धे, मिनिटांचे, दुसऱ्या सुतळीवर टांगले. मग खाली वाकून तिसऱ्या सुतळीच्या टोकाची पिवळी चिठ्ठी सोडवली आणि पहिल्या सुतळीवर लावली. दोन दिवस. बेरीज नऊ.

मंगळवारी मितालीदींनी भुवया उंचावल्या. “शाशुडी एकेबारे फर्स्ट रिलीजे?” सासू थेट पहिल्या रिलीजमध्ये? मी त्यांच्यापुढे सात नोंदी ठेवल्या. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग माझ्या फाटक्या चिठ्ठीकडे पाहून म्हणाल्या, गणित कमी झाले, तर पुढचा प्रकल्प माझ्याकडे द्यायचा का, ते आता पुन्हा बघावे लागेल. मी म्हणाले, बघा.

जागेवर येऊन शेवडेदांना संदेश पाठवला. त्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती, म्हणजे वाचता येणार होते. ‘पिवळी चिठ्ठी पहिल्या रिलीजमध्ये पोचली. गार्गी.’

दहा मिनिटांनी उत्तर आले.

‘किती वाजता?’