पंपाच्या चाकावरचं कुंकू

"टायमिंग बेल्ट म्हंजी काय रॉकेट हाय का बे? रबरी पट्टाच की! दसऱ्यापर्यंत जीप तुझ्या दारात आणून उभी न्हाई केली, तर ही मिशी काढून तुझ्या हातात देतो!"

सिरसाळ्यात बंकट मिस्त्रीच्या गॅरेजवर, गिऱ्हाइकांच्या देखत, अंगदनं हे जाहीर केलं आणि नवा बेल्ट बगलेत मारून घर गाठलं. मिशी साधीसुधी नव्हती हो! तिला पीळ द्यायला अंगदला बायकोच्या वेणीफणीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यानं अंगणातल्या बंद जीपचं इंजिन उघडलं. बेल्ट काढण्याआधी, चाकं पुन्हा त्याच जागी जुळावीत म्हणून, खुणा करून ठेवायच्या असतात, एवढं त्याला ठाऊक होतं. रंग काही सापडेना. म्हणून देवघरातलं कुंकू आणून, इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या चाकावर त्यानं एक ठसठशीत टिकली लावली, जुना बेल्ट काढला आणि ऐटीत जेवायला गेला.

तेवढ्यात त्याची आई सारजाबाई पूजेचं ताट घेऊन आली. खंडेनवमीला घरातल्या कोयत्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग उघडं इंजिन कसं सुटेल? चाकाला एकच टिकली तिला बरी दिसेना. तिनं चाक फिरवत फिरवत चौफेर कुंकू लावलं.

अंगद हात पुसत आला आणि बघतच राहिला.

"आई, यातली माझी टिकली कोणती?"

"तुझी कावून? समद्या देवाच्या!"

"पुसून टाकतो मग."

"सणाचं कुंकू पुसतोस? हात तर लावून बघ!"

अंगदही हट्टाला पेटला. हाताला लागली ती टिकली धरून बेल्ट चढवला, चावी फिरवली. डिझेल भलत्याच वेळी आत जायला लागलं! इंजिन खोकलं, ठणठणलं आणि पांढऱ्या धुरात गोठ्यातली म्हैस दिसेनाशी झाली. दुसरी टिकली धरली. आता शेजाऱ्याचं घरही दिसेना. धूर पार गॅरेजपर्यंत दिसला असावा, कारण बंकटचा फोन आला, "वस्तऱ्याला धार लावून ठिवली हाय!"

"ठिव! तुलाच लागंल!" अंगद गरजला. पण हात मिशीकडे गेलाच.

त्याची बायको अपेक्षा डोळे चोळत बाहेर आली. "अवो, कंपनीची खूण असंल की कुंकवाखाली."

"आई पुसू देत न्हाई!"

"पुसायचं कशाला? देवाला आंघोळ घालतेत की. घाला डिझेलनं!"

सारजाबाईनं विचार केला. आंघोळीला तिची हरकत नव्हती. तिनं घंटीसुद्धा वाजवली! बेल्ट उतरवून अंगदनं चाकावर डिझेल ओतलं, बोटांनी चोळलं. कुंकू ओघळलं आणि खाली कोरलेली बारीक रेघ दिसली. ती इंजिनावरच्या रेघेला जुळवली, बेल्ट चढवला, चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू!

"म्हणलो न्हवतो? दसऱ्याची वाट कोण बघतो!"

आईला आणि बायकोला मागं बसवून त्यानं जीप थेट बंकटच्या दारात नेली. उडी मारून उतरला आणि दोन्ही हातांनी मिशीला कडक पीळ भरला.

"बघ बे! हाय का न्हाई जागच्या जागी?"

बंकट बघतच राहिला. मग गिऱ्हाइकांसकट जो हसत सुटला! अंगदनं जीपच्या आरशात पाहिलं. मिशी जागच्या जागी होती, पण लालभडक. घाईघाईनं त्यानं बाही वर नेली.

"अंगद!" मागून सारजाबाई कडाडली. "पुसू नको! सणाचं कुंकू हाय!"

"न्हाई पुसत त्ये," अपेक्षा म्हणाली. "कॅनमदी डिझेल उरलंय अजून."