विषय: कडी काढणेबाबत

गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला थोडी शिस्त लावावी, एवढंच नागोरावांनी ठरवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस निवृत्त होऊन ॲडमिन झाला, की दुसरं काय होणार? फर्मान निघालं: बागेखेरीज एक अक्षर बोलायचं नाही, आणि प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर ‘विषय’ लिहायचा.

नारायण पेठेतल्या बाबुरावांनी गुलाबाचं चित्र टाकून ‘सुप्रभात’ म्हटलं, तर त्यांना ताकीद मिळाली. “गुलाब बागेतच येतो ना?” असं त्यांनी विचारलं. “गुलाब येतो, सुप्रभात येत नाही,” असं उत्तर गेलं. हेमाताईंना नात झाली, तर अभिनंदनाचे एकोणीस मेसेज नागोरावांनी विषयांतर म्हणून काढून टाकले. (नातीचं नाव सृष्टी ठेवलंय, तेव्हा निसर्गाशी संबंध आहे, हा हेमाताईंचा खुलासा फेटाळण्यात आला.)

आणि एके दिवशी खुद्द बायकोनं, मुक्ताईंनी, ग्रुपवर लिहिलं: “अहो, गच्चीवरून खाली या. वरण निवतंय.”

नागोरावांनी तिला ग्रुपमधून काढलं. नियम म्हणजे नियम! मुक्ताईंनी वरण गार होऊ दिलं आणि नवऱ्याला फोनवर ब्लॉक केलं. “एका घरात राहतो ना? मग काय ते तोंडानं सांगा.”

मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता, नागोराव टोमॅटोच्या रोपांवर जुनी साडी बांधायला गच्चीवर गेले. टाकीमागे वाकून गाठ मारतात तोच खाट्कन आवाज झाला. कुणीतरी दाराला जिन्याच्या बाजूनं कडी घातली होती. घालणाऱ्याचा दोष नव्हता. ‘कडी लावणे. सबब चालणार नाही.’ ही पाटी दारावर नागोरावांनीच लावली होती.

त्यांनी हाका मारल्या. पण खाली घरोघरी खिडक्या बंद आणि कूलर सुरू. फोनचा टॉकटाइम सकाळीच संपलेला, नेट तेवढं शिल्लक. बायकोनं ब्लॉक केलेलं. पायात चप्पल नव्हती आणि फरशी तव्यासारखी तापली होती. उरला ग्रुप.

नागोराव इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. नाचत नाचत त्यांनी टाइप केलं: “Kadi kadha. Lavkar!”

हेमाताईंचं उत्तर लगेच आलं. “कढी आणि काढा, दोन्ही स्वयंपाकात मोडतात. नियम एक.”

“शिवाय विषय लिहिलेला नाही,” बाबुराव म्हणाले. “ॲडमिनला सूट आहे का?”

नागोरावांनी घाम पुसत सविस्तर लिहिलं, की मी स्वतः गच्चीवर अडकलो आहे, दार बंद आहे, पाय भाजतायत.

“अडकलात ते कळलं,” बाबुरावांनी लिहिलं. “यात झाड कुठे आहे?”

आता मात्र नागोरावांना रडू यायचं बाकी होतं. शेवटी जीव वाचवायचा म्हणून त्यांनी आपलं गाऱ्हाणं नियमात बसवलं. “विषय: साठ वर्षांचं झाड. भर उन्हात आहे, सावली नाही, पाणी नाही. काय करावे?”

सल्ल्यांचा पाऊस पडला. शेंडा खुडा. शेणखत घाला. बाबुराव म्हणाले, “इतकं जुनं झाड ठेवण्यात अर्थ नाही. नवीन लावा.”

वीस मिनिटांनी कडी निघाली. दारात मुक्ताई उभ्या होत्या, हातात पळी.

“तुला कसं कळलं?”

“ग्रुपवर वाचलं.”

“तू तर ग्रुपवर नाहीस!”

“तुमच्या नाही.” त्यांनी फोन पुढे केला. ‘अवांतर’ नावाचा ग्रुप. ॲडमिन मुक्ताई. बागेच्या ग्रुपमधले सगळे सत्तेचाळीस जण तिथे होते, नागोराव सोडून. एक वाजून पाच मिनिटांनी हेमाताईंनी लिहिलं होतं: “मुक्ताताई, मिस्टर गच्चीवर अडकलेत. कडी काढा.” खाली मुक्ताईंचं उत्तर: “गॅसवर खरंच कढी आहे. ढवळायची थांबले तर फुटेल. वीस मिनिटं.” त्याला सत्तेचाळीस अंगठे.

नागोरावांना वाईट वाटलं. उन्हापेक्षा जास्त ते त्या अंगठ्यांनी भाजले. नात, बारसं, गुडघेदुखी, सगळ्या गप्पा तिथे रंगत होत्या आणि ते इथे एकटेच मावा किडीशी बोलत बसले होते. कढीचा भुरका घेत ते हळूच म्हणाले, “अगं, मलाही घे ना तुमच्यात.”

मुक्ताईंनी ब्लॉक काढला आणि घेतलं. सत्तेचाळीस जणांनी स्वागत केलं, बाबुरावांनी तर मुद्दाम गुलाब पाठवला. नागोरावांचे डोळे भरून आले. एवढ्या प्रेमाची परतफेड कशी करावी? त्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं काढलं: आपल्या पहिल्यावहिल्या वांग्याचा फोटो.

फोन टुणकन वाजला. मुक्ताईंनी त्यांना ग्रुपमधून काढलं होतं.

“अगं, का?”

“आमचा एकच नियम आहे,” मुक्ताई कढी वाढत म्हणाल्या. “इथे बागेचा विषय काढायचा नाही.”